खारघर की तळोजा?



कतारमध्ये दहा-बारा वर्षे काढलेल्या आपल्या कुटुंबांत घर घेण्याचा विषय निघतो, तेव्हा तो दोह्यातील घराचा नसतो. 2018 च्या कायदा क्रमांक 16 नुसार परदेशी नागरिकांना येथे पर्ल, लुसैल अशा ठरावीक भागांत मालमत्ता घेता येते, आणि किमान 7 लाख 30 हजार रियाल किमतीच्या मालमत्तेवर निवास परवानाही मिळतो. पगारदाराने ही रक्कम केवळ वाचावी. घर घ्यायचे ते महाराष्ट्रातच. त्यामुळे सुटीच्या दिवशी एशियन टाउनमध्ये भाजीपाला घेताना, क्रिकेटचा सामना पाहून बाहेर पडताना किंवा चहाच्या टपरीवर आपल्या माणसांच्या तोंडी अलीकडे एकच प्रश्न असतो: खारघर घ्यावे की तळोजा?

हा प्रश्न एशियन टाउनमध्ये विचारला जावा, यात एक औचित्य आहे. दोह्याच्या औद्योगिक क्षेत्रालगतची ही बाजारपेठ दक्षिण आशियाई कामगारांसाठी उभारली गेली. तिच्या शेजारची लेबर सिटी 2015 साली सुरू झाली. सुमारे 70 हजार कामगारांच्या निवासाची तिची क्षमता. त्याआधी 2010 च्या कायदा क्रमांक 15 ने कुटुंबवस्तीच्या भागांत कामगारांची सामूहिक निवासस्थाने ठेवण्यास मनाई केली होती. येथे कोणी जात विचारत नाही, हुद्दा विचारतात. तरीही कोणी कोठे राहावे हे दुसऱ्याने ठरवण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. मी कुटुंबासह शहराच्या एका भागात राहतो; माझ्याच तालुक्यातला, माझ्याच समाजातला वेल्डर मित्र दुसऱ्या भागात, सहकाऱ्यांसोबतच्या खोलीत राहतो. नवी मुंबईच्या नकाशावर मात्र आम्हा दोघांची बोटे एकाच ठिकाणी फिरत असतात.

ही दोन्ही उपनगरे सिडकोच्या आखणीतली, आज दोन्ही 2016 साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतली. 17 नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर धावणारी मेट्रो दोहोंना जोडते: उत्सव चौक, सेंट्रल पार्क, पेठपाडा करीत ती पेठाली-तळोजा आणि पेंधरला पोहोचते. अकरा किलोमीटरांची मार्गिका, अकरा स्थानके. दलाल ही मेट्रो दाखवूनच तळोज्यातील सदनिका विकतात. खारघरच्या जुन्या इमारतीतील छोट्या सदनिकेच्या पैशांत तळोज्यात मोठी आणि नवी सदनिका मिळते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु खारघरला हार्बर मार्गाचे स्वतःचे स्थानक आहे. तळोजा पाचनंद हे दिवा-पनवेल मार्गावरील स्थानक. तेथे गाड्या मोजक्या. मेट्रो बेलापूरला सोडते, पुढचा प्रवास लोकलचाच. रोज मुंबईला जाणाऱ्याने या दोन प्रवासांतील फरक वर्षाच्या दिवसांनी गुणून पाहावा.

हवेविषयीही बोलले पाहिजे. तळोजा औद्योगिक वसाहत आणि तिच्याकाठची कासाडी नदी यांची कहाणी जुनी आहे. ऑगस्ट 2017 मध्ये त्या परिसरातील भटकी कुत्री रंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्यामुळे निळी झालेली दिसली, आणि ती छायाचित्रे जगभर पोहोचली. तळोज्यातील सगळेच विभाग कारखान्यांना सारखे चिकटलेले नाहीत. म्हणून इमारत रात्री अकरानंतर आणि पहाटे जाऊन पाहावी, वास तेव्हाच कळतो. (तळोजा म्हटले की आपल्या वाचकांना आधी कारागृह आठवते, आनंद तेलतुंबडे आठवतात, हेही मी जाणतो. पत्ता सांगताना ते आठवत राहील. घर न घेण्याचे ते कारण नव्हे.) खारघरची हवा आणि रस्ते त्या मानाने बरे. तेथील तक्रारी पाण्याच्या आणि कराच्या. उन्हाळ्यात टँकर येतात, आणि महानगरपालिकेने पूर्वलक्षी प्रभावाने लावलेल्या मालमत्ता कराचा वाद बरीच वर्षे गाजला. जुनी सदनिका घेताना 2016 पासूनच्या कराच्या पावत्या विक्रेत्याकडे मागाव्यात.

माझे मत विचाराल तर ते किमतीवरून ठरत नाही, त्या घरात उद्या कोण राहणार यावरून ठरते. आपण तर येथेच असू. राहणार आई. दवाखाना, औषधाचे दुकान, रिक्षा आणि दोन ओळखीची घरे तिला पायी गाठता आली पाहिजेत. अशा कुटुंबाने खारघरची लहान, जुनी, स्थानकाजवळची सदनिका घ्यावी. अभ्यागतांना दाखवायला ती साधी वाटली तरी चालेल. ज्यांना पंधरा वर्षांनी परतायचे आहे आणि ज्यांच्या मागे तेथे कोणी राहणार नाही, त्यांनी तळोज्याचा विचार जरूर करावा. पण महारेरावरील नोंदणी, ताब्याची तारीख आणि चटई क्षेत्र स्वतः तपासून.

आता जो मुद्दा आपले लोक चहाच्या टपरीवर हळू आवाजात काढतात, तो. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून 2015 साली दाखवून दिले की नाव आणि ओळख कळताच घर मिळण्याची शक्यता बदलते. विकत घेणाऱ्याला दार उघडे मिळते, कारण पैसा बोलतो. त्यानंतर जिन्यातले बोलणे सुरू होते. बाबासाहेब 1912 ते 1934 अशी सुमारे बावीस वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहिले आणि मग शेजारच्याच दादरमध्ये, हिंदू कॉलनीत, राजगृहात गेले. परळ आपल्या माणसांचे होते. हिंदू कॉलनी तशी नव्हती. तरी त्यांनी ग्रंथांना जागा मिळेल असे घर तेथे बांधले, आणि परळचा माणूस राजगृहाचे दार ठोठावतच राहिला. आपल्यापैकी काहींना आपल्या माणसांजवळ राहायचे असते, काहींना मुद्दाम नाही. दोन्हींची कारणे मला पटतात. पण व्यवहारापूर्वी संस्थेच्या फलकापाशी पाच मिनिटे उभे राहावे. 14 एप्रिलची सूचना कधी लागली होती का, वर्गणी कशाकशासाठी काढतात, समितीवर कोण आहेत, हे रखवालदारही सांगतो. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर लावायला ज्या घरात दोनदा विचार करावा लागेल, ते घर स्वस्त असले तरी महाग पडते.

नाव कोणाचे लावायचे, हेही आधीच ठरवावे. महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, हे भाषणात सांगणाऱ्या घरांतही करारनामा पतीच्याच नावे निघतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

येथून व्यवहार करणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट: दोह्यातील भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते. ते भावाकडे पाठवाल, तर पोहोचल्याची तारीख त्याच्याकडून लिहून घ्या. आणि पनवेलजवळ स्वस्त शेतजमीन घ्या, असे कोणी सुचवले तर ऐकून सोडून द्या. अनिवासी भारतीयांना शेतजमीन विकत घेता येत नाही.