उपजत वेगाची दंतकथा

रग्बीत फिजीचा विंगर चेंडू घेऊन सुटला की त्याचा वेग रक्तातलाच आहे, असा निकाल लगेच दिला जातो. ही स्तुती वाटते, पण तिच्या पोटात अन्याय आहे, आणि रुपेनी थाउथाउनिंबुथाच्या कारकिर्दीत तो उघड दिसतो. वानुआ लेवू बेटावरच्या म्बुआ प्रांतातला हा डावा विंगर 2003 साली ऑकलंडच्या ब्लूज संघाबरोबर सुपर 12 स्पर्धा जिंकला. त्याच वर्षी विश्वचषकात स्कॉटलंडविरुद्ध त्याने पूर्वार्धातच दोन ट्राय केले. बाजूरेषेला खेटून जेमतेम जागा, समोर बचावपटू. हा क्षणभर पाऊल आखडायचा, समोरच्याचा तोल चुकीच्या पायावर गेला की बाहेरच्या अंगाने निसटायचा. शेवटच्या मिनिटांत फिजीने तो सामना 22-20 असा गमावला. पुढे फ्रान्समध्ये आजाँ क्लबकडून त्याने लीगमध्ये सर्वाधिक ट्राय केले, मग गांजाच्या चाचणीत दोषी ठरून निलंबित झाला, मायदेशातून वेळेवर परतेनासा झाला. लोकांनी निकाल लावून टाकला: देवाने भरभरून दिले, याने उधळले. माझा आक्षेप या वाक्याच्या दोन्ही अर्ध्या भागांवर आहे.

आधी देणगीचे बघू. वेग रक्तातच असेल तर तो धावपट्टीवरही दिसायला हवा. पण फिजीने आजवर मिळवलेली ऑलिम्पिक पदके एकूण एक रग्बी सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची आहेत: पुरुषांची 2016 आणि टोकियोची सुवर्णपदके, टोकियोतलेच महिलांचे कांस्य आणि 2024 चे पॅरिसमधले पुरुषांचे रौप्य. ॲथलेटिक्समध्ये एकही नाही. (पॅरालिम्पिकमध्ये मात्र इलिएसा देलानाने 2012 साली उंच उडीत सुवर्ण जिंकले, त्याच स्पर्धेत आपल्या गिरीशाला रौप्य मिळाले होते.) उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेचा कार्लिन आइल्स हा धावपट्टीवरून रग्बीत आलेला, सेव्हन्समधला सर्वांत वेगवान मानला गेलेला खेळाडू. रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये तो खेळला, अमेरिकेला पदक मिळाले नाही. सरळ रेषेतला वेग ही रग्बीत उपयोगाची गोष्ट खरीच, पण कोणत्या क्षणी थांबायचे, पकडीत सापडल्यावरही चेंडू हातातून कसा सोडायचा, साथीदार कुठल्या कोनातून येईल हे आधीच कसे ओळखायचे, हे जन्मतः कोणालाच येत नाही. फिजीत ते गावच्या मैदानात, शाळाशाळांतल्या सामन्यांत, पोलीस आणि लष्कराच्या संघांत वर्षानुवर्षे घोटले जाते. जेरी तुवाई सुवाजवळच्या न्यूटाउन वस्तीत प्लास्टिकची बाटलीच चेंडू म्हणून घेऊन खेळत वाढला. चणीने लहान असलेल्या या खेळाडूने दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवली. त्याच्याकडे बघून उपजत बळाची भाषा कोणी कशी करावी?

यावर म्हणतील, मग बेन रायन कशाला लागला? या इंग्रज प्रशिक्षकाने सिगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर फिजीच्या खेळाडूंना पळवले, तंदुरुस्ती आणि आहार सुधारला, आणि रिओच्या अंतिम सामन्यात ब्रिटनचा 43-7 असा धुव्वा उडाला. रायनचे श्रेय पूर्ण मान्य करतो. सुरुवातीचे काही महिने तर त्याला पगारही मिळाला नव्हता. पण हाँगकाँग सेव्हन्स फिजीने 1977 मध्येच जिंकली होती आणि सेव्हन्सचा विश्वचषक 1997 व 2005 मध्ये, वाइसाले सेरेवीच्या काळात. रायनने कसलेल्या खेळाला शिस्तीची जोड दिली, खेळ त्याने शिकवला नाही. जिंकले तर शिस्त परदेशी प्रशिक्षकाची आणि हरले तर आळस बेटावरच्या माणसाचा, हा हिशेब मला मान्य नाही.

आता उधळपट्टीचे. थाउथाउनिंबुथाच्या चुका त्याच्याच होत्या. गांजा त्याला कोणी बळजबरीने दिला नव्हता. पण वानुआ लेवूवरचा विशीतला मुलगा फ्रान्समधल्या छोट्या शहरात नेऊन ठेवायचा, भाषा नाही, नातेवाईक नाहीत, आणि त्याच्यात जे आहे ते जन्मजातच आहे म्हणून त्याला घडवण्या-सांभाळण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, हे त्याच दंतकथेतून येते. देणगी समजली की तिची निगा राखायची गरज वाटत नाही. घरी राहून व्यावसायिक रग्बी खेळायचा मार्ग त्याच्या उमेदीत नव्हताच. तो 2022 मध्ये उघडला, फिजियन द्रुआ संघ सुपर रग्बीत आला तेव्हा. महिलांच्या द्रुआने पहिल्याच वर्षी एकही सामना न गमावता सुपर डब्ल्यू स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा. पुरुषांचा संघ 2023 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्याच वर्षी द्रुआच्या अनेक खेळाडूंना घेऊन उतरलेल्या फिजीने विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला 22-15 असे हरवले. ऑस्ट्रेलियावर फिजीचा त्याआधीचा विजय 1954 चा. एवढ्या वर्षांत बेटावरच्या माणसांचे रक्त काही बदलले नव्हते. बदलले होते ते घरचे मैदान, घरचा पगार आणि घरीच रोज मिळणारा सराव.