ध्वनिसंपादनाचें सॉफ्टवेअर आणि जात्याची घरघर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका खरेदीचा प्रश्न उपस्थित झाला. पूर्वी असे प्रश्न शिवणाचें यंत्र घ्यावें कीं नको अशा प्रकारचे असत, व त्यांचा निकाल माजघरांत लागे. हा प्रश्न संगीताच्या सॉफ्टवेअरचा होता. आमच्या ज्येष्ठ बंधूंचा नातू महाविद्यालयांत शिकतो. त्यास गाणीं रचण्याचा व ध्वनिमुद्रित करण्याचा नाद आहे, आणि त्यासाठीं एक किंमती सॉफ्टवेअर घ्यावें असा त्याचा हट्ट. बंधु मला म्हणाले, "तूं मास्तर होतास, काय घ्यावें तें तूंच ठरव." संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास या विषयांत काय कळणार, अशी शंका वाचकांस येईल, ती मलाहि आली. परंतु हा निर्णय आम्हांस एका चुकीनंतर घ्यावयाचा होता, व ती चूक समजण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. म्हणून ती प्रथम सांगतों.

आमच्या आईच्या आवाजाची एक कॅसेट घरांत होती. १९८७ सालीं ती मेतकूट दळीत बसली असतांना ओव्या म्हणत होती, त्या बंधूंनीं तिच्या नकळत टेपरेकॉर्डरवर घेतल्या. सारा अर्ध्या तासाचा ऐवज. मध्येंच दारांत कोणी आल्यामुळें ओवी थांबते, दोन शब्द बोलणें होतें, आणि जातें पुन्हा फिरूं लागतें. मुलानें मोठ्या हौसेनें ही कॅसेट संगणकांत उतरविली व नंतर ती "स्वच्छ" केली. खरखर काढण्याची युक्ति अशी असते: ज्या जागीं गाणें नाहीं, केवळ खरखर आहे, असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा आपण दाखवावयाचा, यंत्र त्याचें स्वरूप ध्यानांत घेतें आणि तेवढें सर्व मुद्रणांतून वजा करतें. फितीच्या सततच्या सुस्काऱ्यास हा उपाय चांगला. पण आमच्या कॅसेटमध्यें ओवी सुरू होण्यापूर्वीं जें ऐकूं येतें तें जातें! मुलानें तोच तुकडा दाखविला. यंत्रानें आज्ञा पाळली. आईचा आवाज उरला, पण पाण्याखालून यावा तसा; आणि दोन चरणांमधला विसावा, जो वस्तुतः जात्याच्या फेऱ्याचा होता, तो निव्वळ रिकामा झाला. वहिनींनीं थोडा वेळ ऐकलें व "हें सासूबाईंचें नव्हे," एवढें बोलून त्या उठून गेल्या.

याहून वाईट पुढेंच आहे. स्वच्छ केलेली प्रत त्यानें मूळ फाइलीच्याच नांवानें जतन केली. अर्थात् मूळ गेलें. पुन्हा उतरवून घ्यावें म्हणून कॅसेट लावली, तों जुनी फीत यंत्रांत गुंतली व बरीचशी चुरगळून निकामी झाली. नागपुरास माझ्या बहिणीला मोबाइलवर पाठविलेला सहा मिनिटांचा भाग तेवढा हातीं लागला, आणि तोहि पाठवितांना दाबून लहान केलेला. हें कोणत्या सॉफ्टवेअरमध्यें घडलें तें सांगण्यांत अर्थ नाहीं; असली चूक कोणत्याहि सॉफ्टवेअरमध्यें करतां येते. मुलालाहि फार दोष देववत नाहीं. मूळ प्रत निराळी ठेवावी, हें आम्हां वडीलधाऱ्यांपैकीं कोणीं त्याला सांगितलें होतें?

असो. सॉफ्टवेअर निवडतांना त्यांत वाद्यें किती व करामती किती हें लोक मोजतात. मीं मुलाला शेजारीं बसवून निरनिराळीं सॉफ्टवेअर पाहिलीं, तेव्हां असें वाटूं लागलें कीं, सोयरीक जमवितांना पाहतात तसें आधीं यांचें कुल पाहावें. जर्मनींतील क्यूबेस १९८९ सालचें. तें आरंभीं प्रत्यक्ष आवाज टिपीत नसे, कळफलकाची कोणती पट्टी केव्हां दाबली याची नोंद ठेवीत असे. अमेरिकेंतील प्रो टूल्स १९९१ सालचें. त्याचा जन्म स्टुडिओंतील फितीच्या यंत्राची जागा घेण्यासाठीं. बेल्जममधील एफएल स्टुडिओ तालाचे ठोके रांगेनें मांडण्यांतून वाढलें, तर बर्लिनचें एबलटन लाइव्ह, २००१ सालचें, ध्वनीचे तुकडे पुन्हा पुन्हा फिरविण्यासाठीं प्रसिद्ध आहे. ऑडॅसिटीचा आरंभ १९९९ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांत दोघांनीं केला. तिचा मुख्य धर्म आवाज टिपणें व कापणें-जोडणें. आज प्रत्येकजण दुसऱ्याचें कामहि थोडेंबहुत करतो, परंतु जन्मखूण लपत नाहीं. यांपैकीं पुष्कळ सॉफ्टवेअर उघडतांच समोर रेघांची चौकट येते: मिनिटास १२० मात्रा, चार मात्रांचा एक गट. आपण कांहीं गाण्यापूर्वींच यंत्रानें लय ठरविलेली असते.

मुलाच्या नृत्यगीतांना ही चौकट योग्यच आहे. पेरणी करणाऱ्यास सरळ तास हवें असतें. पण कंठस्थ ओवीचा चरण म्हणणारीच्या श्वासाप्रमाणें लांबतो व आखडतो. तिच्याखालीं तबला घालण्यासाठीं मुलानें तिला या रेघांवर बसविण्याचा यत्न केला होता. मला तर तें शाळेच्या कवायतींतल्यासारखें वाटलें. तेव्हां पहिली परीक्षा ही, कीं ही चौकट पूर्णपणें बंद करतां येते काय, आणि तंबोऱ्याच्या साथीवर मोकळेपणानें गाऊन मग त्यांत कापाकापी करतां येते काय. बहुतेकांत येते, पण कोठें एका कळीनें येते, तर कोठें चार दारें ओलांडून जावें लागतें.

स्वरांचें तसेंच. चुकलेला स्वर सुधारणारें ऑटो-ट्यून १९९७ सालीं निघालें. तें करणारे अँडी हिल्डेब्रँड पूर्वी भूगर्भांतील तेलाच्या शोधासाठीं लहरींचें गणित करीत. तेंच गणित त्यांनीं गळ्यास लावलें. आतां स्वर-सुधारणा अनेक सॉफ्टवेअरमध्यें बसविलेलीच असते. पण सुधारावयाचें म्हणजे कशाच्या बरोबर करावयाचें? तर सामान्यतः पेटीच्या बारा पट्ट्यांच्या. सप्तकाचे १२०० सारखे भाग कल्पिले तर पेटीचा गांधार ४००व्या भागावर येतो आणि तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा गांधार सुमारें ३८६व्यावर. कानाला हा फरक कळतो. सांगलीचे कृ. ब. देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला तो याच चिंतनांतून. आणि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस मज्जाव केला त्यामागें अशीच कारणें सांगितलीं जात. तो मज्जाव १९७१ पर्यंत चालला व पुढें हळूहळू शिथिल झाला. मला स्वतःला तो अतिरेक वाटतो. पण पेटी निदान गाणाऱ्याच्या शेजारीं बसते, हें यंत्र त्याच्या गळ्यांतच शिरतें. मींड सरळ करून तिच्या पायऱ्या करणें यास सुधारणा कोणत्या अर्थानें म्हणावें तें मला समजलेलें नाहीं. घरांत ख्याल, भजन, ओवी गाणारीं माणसें असतील तर हें साधन आरंभीं बंदच ठेवावें.

दुसरी परीक्षा आमच्या चुकीनें शिकविली. रीपर, आर्डोर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्यें आपण एखादा भाग कापला तरी मुद्रित फाइल जागच्या जागीं शाबूत राहते. कोठून कोठवर वाजवावयाचें एवढीच टीप बदलते. ऑडॅसिटींत पूर्वी प्रत्येक संस्कार ध्वनीवरच होत असे. २०२२ सालच्या ३.२ आवृत्तीपासून कांहीं संस्कार वरचेवर लावून पुन्हा काढतांहि येतात. तरीहि कॅसेटची पहिली प्रत डब्ल्यूएव्ही स्वरूपांत निराळ्या डिस्कवर ठेवावी, आणि तिला कोणींहि हात लावूं नये. ध्वनिसंग्रह जपणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था सेकंदास निदान ४८,००० नमुने व २४ बिट सुचविते. या मापानें दोन बाजूंच्या ध्वनीस मिनिटाला सुमारें १७ मेगाबाइट, म्हणजे तासाला एक गिगाबाइटच्या आंतबाहेर जागा लागते. आजच्या डिस्कांपुढें ती कांहींच नव्हे.

आतां पैशाविषयीं. कांहीं सॉफ्टवेअर हल्लीं मासिक भाड्यानें मिळतात. भाडें थकलें कीं आपणच केलेलें काम आपल्याला धड उघडतां येऊं नये, ही व्यवस्था मला भाड्याच्या बिऱ्हाडांत देवघर बांधण्यासारखी वाटते. ऑडॅसिटी विनामूल्य आहे. घरांत ॲपलचा संगणक असेल तर २००४ पासूनचें गॅरेजबँड त्यावर निराळें मोल न देतां मिळतें. रीपर साठ दिवस पूर्णपणें वापरून पाहतां येतें आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरांचा आहे. मुलानें यावर तक्रार केली कीं, त्यांत तयार वाद्यें नाहींत व तें दिसावयासहि रुक्ष आहे. त्याचें म्हणणें अगदींच चूक नाहीं. ज्यास केवळ संगणकावरच ताल व सुरावट रचावयाची आहे त्यानें एफएल स्टुडिओचा किंवा लाइव्हचा विचार अवश्य करावा. तेथें तो उगाच अडखळणार नाहीं. मुलानें स्वतः मिळविलेल्या पैशानें पुढें तें घेतलें तर माझी हरकत नाहीं.

घरापुरता निर्णय असा झाला: जुन्या कॅसेटींस ऑडॅसिटी, नव्या मुद्रणास रीपर, आणि किंमती सॉफ्टवेअरचे वांचलेले पैसे एका बऱ्या मायक्रोफोनला व तो संगणकास जोडणाऱ्या ध्वनिपेटीला. राहिलेल्या कॅसेटी लावण्यापूर्वीं टेपरेकॉर्डर जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा, हेंहि ठरलें. तें आधीं सुचावयास हवें होतें.

पहिलें मुद्रण वहिनींचें व्हावयाचें आहे. आईच्या ओव्यांपैकीं पुष्कळ त्यांना पाठ आहेत, हें आम्हां दोघां भावांस इतक्या वर्षांनीं कळलें! मुलानें त्यांना मायक्रोफोनपुढें खुर्चीवर बसविलें, तर त्यांस दुसरा चरणच आठवेना. "हात रिकामा असला कीं तोंडीं येत नाहीं रे," त्या म्हणाल्या. तेव्हां माळ्यावरचें जातें खालीं काढलें आहे. त्याचा खुंटा सैल झाला आहे. सुतारास सांगितलें आहे, तो गुरुवारीं येणार.