पोलिसाच्या कमरेवरून घरच्या कपाटात

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात काचेच्या पेटीत नव्याकोऱ्या, चकचकीत पिस्तुलांची रांग असते. तिच्याच एका कोपऱ्यात काही वयस्कर रिव्हॉल्व्हर पडलेली दिसतात. नळीच्या टोकाचा निळसर काळा मुलामा उडालेला, लाकडी मुठीवर ओरखडे, क्वचित एखाद्या पोलिस खात्याचा शिक्काही. किंमत नव्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. आयुष्यात पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिथले जाणते लोक बरेचदा हाच कोपरा दाखवतात.

पोलिसांनी वीस-पंचवीस वर्षं वापरून टाकून दिलेलं हत्यार नवशिक्याने का घ्यावं? त्याला उत्तर आहे, आणि ते चांगलं आहे. फक्त ते अर्धंच आहे.

साठ लाखांची पैदास

या जुन्या मालात सर्वात जास्त भेटतं ते स्मिथ अँड वेसन कंपनीचं ‘मॉडेल १०’. कंपनीने ते १८९९ साली ‘मिलिटरी अँड पोलिस’ या नावाने बाजारात आणलं. १९५७ साली कंपनीने आपल्या मालाला क्रमांक द्यायला सुरुवात केली, तेव्हा याच्या वाट्याला १० हा आकडा आला. सहा गोळ्यांचं चक्र, पॉइंट अडतीस स्पेशलचं काडतूस, बहुतेकदा चार इंची नळी आणि किलोला थोडंसंच कमी वजन. आजवर अशी साठ लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हर तयार झाली. विसाव्या शतकातल्या बहुतांश काळात अमेरिकन पोलिसाच्या कमरेला हेच किंवा याचंच एखादं भावंड लटकत असे. १९७० साली आलेलं स्टेनलेस स्टीलचं ‘मॉडेल ६४’ हे त्यातलंच एक.

मग वारं फिरलं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि बँका लुटणारे दोघे यांच्यात भर रस्त्यात चकमक झाली. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले. दोघे लुटारूही मारले गेले. त्यांच्यापैकी एकाकडे रायफल होती आणि बहुतेक एजंटांच्या हातात रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्या संपल्या की जखमी हाताने पुन्हा भरायच्या कशा, हा प्रश्न त्या दिवसानंतर सगळ्याच पोलिस खात्यांना छळू लागला. पंधरा-सोळा गोळ्या मावणारी अर्धस्वयंचलित पिस्तुलं एकेका शहरात आली. न्यूयॉर्कने १९९३ साली पिस्तुलांना परवानगी दिली. जुन्या सवयीच्या शिपायांकडची तिथली शेवटची रिव्हॉल्व्हर मात्र २०१८ साली जमा झाली.

जुन्या शस्त्रांचं काय करायचं? बोहारणीला जुने कपडे देऊन नवं भांडं घ्यावं, तसा व्यवहार अनेक खात्यांनी केला. जुनी रिव्हॉल्व्हर व्यापाऱ्याला द्यायची आणि त्यांची किंमत नव्या पिस्तुलांच्या बिलातून वजा करून घ्यायची. व्यापाऱ्याने ती पुसूनपासून दुकानात मांडली. पोलिसांच्या कमरेवरून ती सर्वसामान्यांच्या घरी गेली ती अशी.

बाहेरून झिजलेलं, आतून शाबूत

पोलिसाचं रिव्हॉल्व्हर ऊनपाऊस भरपूर खातं. मोटारीच्या दाराला घासतं, खुर्चीच्या हातावर आपटतं, रोज चामडी म्यानातून आतबाहेर होतं. पण त्यातून गोळ्या फारशा झडत नाहीत. अनेक शिपाई नोकरीभर फक्त सरावाच्या मैदानावरच चाप ओढतात. त्यामुळे असं हत्यार रंगरूपाने म्हातारं आणि यंत्राने तरुण असू शकतं. खात्यात ठरावीक काळाने त्याची तपासणी, साफसफाईही झालेली असते.

नवशिक्याच्या दृष्टीने आणखी एक सोय. चक्र उघडलं की सहाच्या सहा घरं समोर दिसतात. हत्यार भरलेलं आहे की रिकामं, हे पाहायला डोळे पुरतात. पिस्तुलात मात्र गोळ्यांची पेटी काढून घेतली तरी एक गोळी नळीत बसून राहू शकते आणि त्या एका गोळीने अनेक घरं उद्ध्वस्त झाली आहेत.

तरीही ‘पोलिसांचं होतं’ ही काही हमी नव्हे. जाणकार गिऱ्हाईक दुकानदाराची परवानगी घेऊन, चक्र रिकामं असल्याची दोनदा खात्री करून काही गोष्टी पाहतो. घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढला की तो पूर्ण मागे पोचायच्या आत चक्र जागच्या जागी घट्ट बसलं पाहिजे आणि हे सहाही घरांच्या बाबतीत झालं पाहिजे. एखादं घर मागे राहिलं, तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी भिडून शिशाचे कण बाजूला उडू शकतात. ओढून ठेवलेला घोडा अंगठ्याने पुढे रेटला तर तो पडता कामा नये. सिनेमातल्यासारखं मनगटाला झटका देऊन चक्र बंद करायची सवय आधीच्या मालकाला असली, तर ते ज्या दांडीवर फिरतं ती वाकते. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या दिसल्या, तर घरगुती कारागिराने आत हात घातलाय असं समजावं. काही खात्यांनी, त्यात लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्कही आलं, आपल्या रिव्हॉल्व्हरमधली घोडा मागे ओढून ठेवायची सोयच बंद केली होती. अशा हत्याराची परीक्षा चाप सावकाश ओढूनच करावी लागते.

वयही पाहावं लागतं. चक्र उघडल्यावर चौकटीच्या आतल्या बाजूला मॉडेलचा क्रमांक कोरलेला नसेल, तर ते हत्यार साधारण १९५८ पूर्वीचं. अशात जादा दाबाची ‘प्लस पी’ काडतुसं वापरू नयेत, असं कंपनी स्वतःच सांगते. त्याहून जुनं, दुसऱ्या महायुद्धातलं असेल तर दोन धोके. एक म्हणजे, १९४४ साली एका युद्धनौकेवर असं रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडलं, आपोआप उडालं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने घोड्याला आडकाठी करणारी नवी पट्टी बसवायला सुरुवात केली. त्याआधीच्या हत्यारात ती नसते. दुसरा धोका असा, की ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांसाठी बनवलेली रिव्हॉल्व्हर वेगळ्या, आखूड काडतुसाची होती. युद्धानंतर व्यापाऱ्यांनी त्यांची घरं कोरून लांब केली आणि ‘अडतीस स्पेशल’ म्हणून खपवली. त्यात काडतुसाचं कवच फुगतं, कधी चिरतंही. हौशी संग्राहकाला हे ठाऊक असतं. पहिल्यांदाच घेणाऱ्याला नसतं.

कागदपत्रं आणि व्हिसा

परवानाधारक दुकानातून रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यानुसार वय २१ पूर्ण हवं. ‘४४७३’ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी होते. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने ही तपासणी आणली आणि १९९८ च्या अखेरीपासून ती संगणकावर, बहुतेक वेळा काही मिनिटांत होते. त्यावर प्रत्येक राज्याचे स्वतःचे नियम वेगळे.

इथे आपल्याकडच्या घरांशी थेट संबंध येतो. नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा पर्यटकाच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाला काही ठरावीक अपवाद सोडले तर बंदूक विकत घेण्याचीच नव्हे, जवळ बाळगण्याचीही मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा अशा अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डधारकाला हे बंधन नाही. तेव्हा मुलगा तिकडे ‘एच-वन’वर असेल आणि ‘इथे सगळेच ठेवतात’ असं फोनवर म्हणत असेल, तर ‘बाळा, आधी कायदा नीट वाच’ एवढं त्याला जरूर सांगावं.

चाप ओढणारा हात कुणाचा?

आता उरलेलं अर्धं उत्तर. व्यापाऱ्याला विकलेलं पोलिसी हत्यार सज्जनाच्याच घरी जातं असं नाही. अमेरिकेत २००६ ते २०२२ या काळात गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या बंदुकांपैकी ५२ हजारांहून अधिक एके काळी पोलिसांच्या होत्या, असं २०२४ साली तिथल्या पत्रकारांनी सरकारी नोंदींवरून उघड केलं. त्यात रिव्हॉल्व्हरबरोबर पिस्तुलंही आली. करदात्यांचे चार पैसे वाचवायला केलेला व्यवहार असा पोलिसांवरच उलटला. काही शहरांनी म्हणूनच जुनी हत्यारं विकण्याऐवजी नष्ट करायचं ठरवलं.

पण चोर-दरोडेखोर दूरचे. घरातला प्रश्न जवळचा आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ च्या एका पाहणीनुसार तिथली सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाविना ठेवलेली होती. जुन्या पोलिसी रिव्हॉल्व्हरला वेगळा सुरक्षा खटका नसतो. ते पोलिसासाठी बनवलेलं होतं, क्षणात कामाला यावं म्हणून. पोलिसाला जी सोय, तीच कपाट उघडणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला आणि परीक्षेत नापास झालेल्या सतरा वर्षांच्या मुलालाही. घोडा आधी ओढून ठेवला नसेल तर चाप जड लागतो, साडेचार-पाच किलोचा जोर लावावा लागतो. चिमुकल्या बोटांना तो जड जाईल. पण दोन्ही हातांचे अंगठे लावले तर तो ओढता येतो आणि तेव्हा नळीचं तोंड बरेचदा स्वतःकडेच वळलेलं असतं.

म्हणून जाणकार सांगतात, की हत्याराच्या किमतीत पोलादी पेटीची किंमत आधीच धरावी. रिव्हॉल्व्हर रिकामं करून कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली देवघरात किंवा तांदळाच्या डब्यात नको, कारण घरातल्या लपवायच्या जागा मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असतात. घरात कुणी खचलेलं, निराश असेल तर हत्यार काही काळ घराबाहेर ठेवण्याची कायदेशीर सोय करावी. सरावाहून आल्यावर शिशाच्या धुळीमुळे हात-तोंड धुऊन, कपडे बदलून मगच लेकरांना जवळ घ्यावं.

आपल्याकडे

पोलिसांची बाद रिव्हॉल्व्हर दुकानात मांडून नागरिकांना विकण्याची अमेरिकेसारखी रीत आपल्याकडे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने देशात आधीपासून असलेली परदेशी रिव्हॉल्व्हर एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात, तीही मूळ किमतीच्या कैक पटींनी. म्हणजे तिकडे जुनं म्हणून स्वस्त, इकडे जुनं म्हणून महाग.

पण घराची गोष्ट दोन्हीकडे सारखीच. आजोबांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर धान्याच्या कोठीमागे गुंडाळून ठेवणारं घर आपल्याकडेही असतं. ते दिवाळीला पुसून परत ठेवलं जातं. त्याला कुलूप आहे का, काडतुसं कुठे आहेत, आजोबांच्या पश्चात परवाना कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला मात्र कुणी धजत नाही. ते विचारायला सणाची वाट पाहायची गरज नाही.