हुरड्याची आगटी आणि दोन बाटल्या

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात वळसंगच्या आमच्या शेतावर हुरड्याची आगटी पेटते. पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेले पुतणे-भाचे मुलाबाळांसह येतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ज्वारीची कोवळी कणसे भाजली जातात आणि सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही असा सरंजाम असतो. अलीकडे या सरंजामात बाटलीचीही भर पडली आहे. मी व्रतस्थ नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. सुटीच्या दिवसांत, थंडीत, घरच्या माणसांत बसून एखादा पेला मी घेतो आणि तो मला आवडतो. समाजवादी चळवळीतील माझ्या पिढीच्या अनेकांना ही कबुली रुचणार नाही. परंतु दारूविषयी लिहिताना स्वतःचा पेला टेबलाखाली लपवणे मला अधिक अनुचित वाटते.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याने माल्ट व्हिस्कीची एक बाटली आणली होती. त्याने ती उघडली, दोन पेले भरले आणि कणसे चोळीत बसलेल्या आमच्या सालगड्याकडे पाहून सहजपणे विचारले, “घेणार का थोडी?” मी डोळ्यांनीच त्याला दटावले. नंतर बाजूला घेऊन सांगितले, “त्याला सवय आहे, नको.” सालगड्याची बायको चटणीचे भांडे घेऊन उभी होती. तिने मला विचारले, “सर, ही बाटली केवढ्याची हो?” पुतण्या हसून म्हणाला, “भेट आलीय, मावशी.” ती म्हणाली, “आमच्या ह्यांची क्वार्टर ऐंशीला झाली आता.” आणि भांडे ठेवून निघून गेली.

अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला या एका वाक्याने जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे शोधीत मी हे लिहीत आहे.

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले. देशी दारूचे शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपयांवर गेले आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. या साऱ्या फेरबदलातून सुमारे १४,००० कोटी रुपयांचे अधिक उत्पन्न अपेक्षित असल्याचे शासनाने सांगितले. त्यानंतरच्या महिन्यातच, २४ जुलै २०२५ रोजी, भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयात शुल्क आरंभी ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्के करावयाचे, असे त्यात ठरले. एक निर्णय मुंबईचा, दुसरा दिल्लीचा. दोहोंत संगनमत आहे असे मी म्हणत नाही. परंतु पुतण्याची बाटली स्वस्त होण्याच्या वाटेवर आणि सालगड्याची महाग झालेली, हे त्या दोन निर्णयांचे एकत्रित फलित आहे. आयात शुल्क उतरले तरी स्कॉचवर राज्याचा कर राहतोच, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्याने दिशा बदलत नाही.

कर वाढविला की पिणे कमी होते, असे समर्थन केले जाते. सवयीने प्यावे लागणाऱ्या माणसाची मागणी किमतीनुसार फारशी लवचिक नसते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. तो पिणे सोडीत नाही. घरात येणारे तेल, मुलाची वही आणि बायकोचे औषध सोडतो. रोज एक क्वार्टर म्हटली तरी महिन्याचे २,४०० रुपये होतात. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली, तेव्हा बहिणीच्या खात्यावर महिना १,५०० रुपये ठरले. क्वार्टरचे सगळे पैसे तिजोरीत जात नाहीत. काही कारखानदाराचे, काही दुकानदाराचे. परंतु त्या घरापुरता हिशेब मांडला, तर बहिणीला मिळाले त्याहून अधिक भावजींकडून गेले. अशा वर्तुळाकार वित्तव्यवहाराला कल्याणकारी राज्य म्हणण्याची रीत आहे.

शासनाची अडचण खोटी नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या स्वतःच्या हाती जे थोडे मोठे कर उरले, त्यांत मद्य, इंधन आणि मुद्रांक हे प्रमुख. ज्या राज्याला बाटलीवर उभे राहावे लागते, त्याने व्यसनमुक्तीचे फलक लावणे हा निव्वळ विनोद आहे. आणि हा विनोद कायद्यातही आहे. आपल्याकडील मूळ कायदा १९४९ चा, दारूबंदीचाच. त्यामुळे पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो प्रकृतीच्या रक्षणासाठी असल्याचे त्यात गृहीत धरलेले! नाताळ आणि वर्षअखेरीच्या रात्री मात्र हेच शासन परमिट रूम पहाटेपर्यंत उघडे ठेवण्यास मुभा देते.

मग संपूर्ण दारूबंदी करावी काय? सोलापूरकराला हा प्रश्न भावनेचा आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर येथील लोक रूपाभवानी परिसरातील शिंदीची झाडे तोडावयास निघाले, गोळीबार झाला, शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन फासावर गेले. ती कुऱ्हाड शिंदीवर होती तशीच परकीय सरकारच्या अबकारी उत्पन्नावरही होती, हे आपण विसरतो. ते उत्पन्न आज स्वकीय सरकारचे आहे. तरीही मी बंदीच्या बाजूने नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. आणि २०१५ च्याच जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती सारी गरीब वस्तीतील होती. बंदी असो वा चढा कर, गरिबाला स्वस्त विषाकडे ढकलण्याचा धोका दोहोंतही आहे.

आमच्याच तालुक्यातील मुळेगाव तांड्याचे उदाहरण मला अधिक शिकविणारे वाटते. हातभट्टीसाठी हा तांडा वर्षानुवर्षे बदनाम. छापे पडत, रसायन ओतले जाई, आठवड्याने भट्टी पुन्हा पेटे. २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. छापे चालू ठेवून अधिकाऱ्यांनी गावे दत्तक घेतली. भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना शिवणकाम, अन्य व्यवसाय आणि कर्जाची वाट दाखविली. हे काम एका पोलीस अधिकाऱ्याला सुचावे आणि आपल्या शाखांना सुचू नये, याची मला खंत वाटते. भट्टी हा बंजारा कुटुंबाचा रोजगाराचा प्रश्न आहे, ही मांडणी वास्तविक आपली होती.

मद्यावरील वाढीव उत्पन्नाचा निश्चित हिस्सा त्याच तालुक्यातील व्यसनमुक्ती केंद्रांवर आणि पर्यायी रोजगारावर खर्च व्हावा, आणि तालुक्यातून किती शुल्क गोळा झाले हे ग्रामसभेत वाचून दाखवावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी करावी. आकडा ऐकल्यावर बायका काय बोलतील, याची मला उत्सुकता आहे.

आता माझ्या त्या दटावण्याविषयी. सवय म्हणून सालगड्याला पेला नाकारला, हे कारण खरे होते. पण त्याच्यासमोर बसून मी तो घेतला, हेही खरे. पुतण्याच्या पेल्याला आपण रसिकता म्हणतो, सालगड्याच्या पेल्याला व्यसन; आणि दोहोंच्या मुळाशी पुष्कळदा आमच्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांची मळी असते, कारण आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या स्वस्त मालापैकी बराचसा मळीच्या मद्यार्कावर उभा आहे. माल्टची गोष्ट वेगळी, हे पुतण्या मला तासभर समजावून सांगत होता. येत्या डिसेंबरात तो पुन्हा येणार आहे. बाटली आणू नकोस, असे मी त्याला अजून कळविलेले नाही. सालगड्याच्या बायकोला त्या बाटलीची किंमतही सांगितलेली नाही. ती मला त्याच रात्री कळली होती.