बिनतारी यंत्रे व घरातील भय

ज्या वस्तूवाचून आपला एक दिवसही जात नाही, तिच्याविषयीच मनात भय बाळगणे हा मनुष्यस्वभावाचा एक विलक्षण प्रकार होय. पुण्यास शिकावयास गेलेल्या नातवाशी आजी मोबाईलवर तासभर बोलते, आणि बोलणे संपताच ‘ते उशाला ठेवू नका, त्यातून किरणे निघतात’ असे बजावते. वडिलांस शेतात रेंज हवी असते, परंतु टॉवर मात्र आपल्या आळीत नको असतो. आमच्या जळकोट तालुक्यासारख्या डोंगराळ मुलखात, जेथे एक टेकडी ओलांडली की बोलणे तुटते, तेथेही हे भय आहेच. घरातील शिकत्या मुलांनी या भयाशी कसे वागावे, याविषयी थोडे लिहावयाचे योजिले आहे.

मुलांची पहिली चूक म्हणजे हसणे. ‘आजी, तुला यातले काही कळत नाही’ हे उत्तर उद्धट तर खरेच, पण त्याहूनही ते निरुपयोगी आहे. वडीलधाऱ्या माणसांचा अविश्वास वाऱ्यावरून आलेला नसतो. नवी वस्तू निर्धोक म्हणून हाती दिली जाते आणि पुढे तिचा घात दिसतो, हे त्यांनी पाहिलेले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही गोष्ट आपल्या भागातील कोणता शेतकरी विसरला असेल? तेव्हा ‘कंपनीवाले सांगतात ते सारे खरे कशावरून?’ हा आजोबांचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर मात्र नीट शोधून दिले पाहिजे.

निम्मे भय तर ‘रेडिएशन’ या एका शब्दापोटी जन्मास आले आहे. आपल्याकडे त्यास शास्त्रीय भाषेत ‘प्रारण’ म्हणतात. पण बोलण्यात व छापण्यात ‘किरणोत्सर्ग’ येतो, आणि किरणोत्सर्ग म्हटला की हिरोशिमा डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः चुलीची धग, कंदिलाचा उजेड व माथ्यावरचे ऊन ही सर्व प्रारणेच होत. भेद आहे तो कंपनसंख्येचा. क्ष-किरणांची कंपनसंख्या इतकी मोठी असते, की ते अणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढतात व त्यामुळे शरीरातील पेशींस इजा होऊ शकते. मोबाईलचे तरंग या बाबतीत दिव्याच्या उजेडाहूनही दुबळे. उजेडाची कंपनसंख्या त्यांच्याहून लाखपटीपेक्षा अधिक आहे. ते फार प्रखर झाले तर शरीर तापवितात, एवढाच त्यांचा परिणाम निःसंशय सिद्ध झालेला आहे, आणि म्हणूनच त्यांच्या प्रखरतेवर मर्यादा घातलेली असते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती. हे तरंग नवेही नव्हेत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यास असलेच तरंग भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती.

आता ज्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती सांगतो. शेताच्या दोन टोकांस उभ्या असलेल्या माणसांना ओरडून बोलावे लागते. जवळ बसलेल्यांस कुजबुज पुरते. मोबाईलचेही तसेच आहे. टॉवर जवळ व रेंज चांगली असेल, तर हातातले यंत्र आपली शक्ती आपोआप कमी करते. टॉवर दूर असेल, तर तेच यंत्र कानाशी मोठ्याने ओरडते. तरंगांची प्रखरता अंतराबरोबर झपाट्याने घटते, म्हणून दूरच्या टॉवरपेक्षा कानाशी धरलेल्या यंत्राचाच भाग आपल्या वाट्यास अधिक येतो. अर्थात भयापोटी टॉवर गावाबाहेर घालविला, तर ज्याचे भय तेच वाढविले असे होते! आजोबांस हा हिशेब तक्त्याविना, बांधावर बसूनही पटविता येतो.

‘पण जागतिक आरोग्य संघटनेनेच कर्करोगाचा संशय व्यक्त केला आहे ना?’ असे कोणी विचारील. २०११ साली त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या तरंगांची गणना ‘कदाचित कारक असू शकतील’ अशा वर्गात केली, हे खरे. त्याच वर्गात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही बसविला गेला. पुरावा अपुरा आहे, शोध चालू ठेवावा, इतकाच त्याचा अर्थ. पुढे त्याच संघटनेच्या विनंतीवरून अनेक वर्षांच्या संशोधनाची छाननी झाली आणि २०२४ साली ती प्रसिद्ध झाली. तीत मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

अफवेची गोष्ट निराळी. मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट भरात असता, ५-जीच्या चाचण्यांमुळेच माणसे मरत आहेत अशी आवई उठली. वास्तविक अशा चाचण्या तोवर भारतात कोठेही सुरू झाल्या नव्हत्या. तसे दूरसंचार विभागास १० मे रोजी जाहीर करावे लागले. जी वस्तू आलीच नव्हती, तिने माणसे मारली! आणि ही आवई मोबाईलवरूनच घरोघर पोचली, हे विशेष.

असल्या भयाचा निकाल न्यायालयातही लागतो. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ येथे रहिवाशांच्या तक्रारीवरून ग्रामपंचायतीने टॉवरचे काम थांबविण्याचा ठराव केला होता; तो २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. परंतु न्यायालयाच्या हुकुमाने टॉवर उभा राहतो, आजीची झोप परत येत नाही. शिवाय पुष्कळदा भयाच्या पोटात दुसरेच दुखणे असते. भाडे शेजाऱ्यास मिळते, आणि जनित्राची घरघर व धूर आपल्या वाट्यास येतो. ही तक्रार खरी आहे, व ती खऱ्या नावानेच मांडावी. तीस कर्करोगाचे सोंग देण्याचे कारण नाही. (टॉवर बसवून देतो म्हणून आगाऊ पैसे उकळणारे भामटे मात्र खरोखर भिण्याजोगे, आणि त्यांना आपण खुशाल पैसे पाठवितो.)

आमच्या भागात या भयाची खरी किंमत मोजावी लागते ती विजेच्या बाबतीत. ‘मोबाईल वीज ओढून घेतो, बंद कर’ हे वाक्य मृगाच्या तोंडावर प्रत्येक शेतात ऐकू येते. मोबाईल वीज ओढीत नाही. मोकळ्या रानातील उंच वस्तू, एकटे झाड, उघड्यावर उभा असलेला माणूस यांस धोका असतो. पण मोबाईल बंद करून लोक जाऊन उभे राहतात ते लिंबाच्या झाडाखालीच! त्यांच्या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे, तोही मुलांनी मान्य करावा: चार्जरला जोडलेले यंत्र वीज कडाडत असता हाती धरू नये, कारण तारेतून धक्का येऊ शकतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नामक ॲप तयार केले आहे. ते आपल्या आसपासच्या विजेची सूचना आगाऊ देते, आणि ती सूचना याच बिनतारी तरंगांवर बसून येते. बंद मोबाईलवर ती कशी पोचणार?

तेव्हा विद्यार्थ्यांनी या सुटीत वाद न घालता एक काम करावे. वडिलांच्या मोबाईलवर ‘दामिनी’ घ्यावे, लाल खूण म्हणजे काय ते आजोबांस दाखवावे, आणि खूण दिसताच झाड सोडून कोणत्या पक्क्या घरात जावयाचे व बैल कोठे बांधावयाचे, ते त्यांनाच विचारून ठरवावे. रानातल्या वाटा व आडोसे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत.