कोर्ट भरलं मेटाव्हर्समध्ये, पण खोलीची चावी कोणाकडे?

१५ फेब्रुवारी २०२३ रोजी कोलंबियातल्या मॅग्दालेना प्रशासकीय न्यायालयाने एक सुनावणी चक्क मेटाव्हर्समध्ये घेतली. वाद वाहतुकीशी संबंधित होता. न्यायाधीश आणि वकील 'अवतार' बनून मेटा कंपनीच्या होरायझन वर्करूम्स या अ‍ॅपमध्ये बसले होते. न्यायाधीशांच्या अवताराने काळा झगाही घातला होता! साधारण दोन तासांच्या या सुनावणीचा व्हिडिओ जगभर फिरला.

पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२६ मध्ये मेटाने वर्करूम्स बंद केलं. जिथे कोर्ट भरलं, ती खोलीच गेली. कोर्टाला कोणी विचारलं नाही, कारण खोली कोर्टाची नव्हतीच.

मग सरकारने स्वतःची खोली बांधली तर? दक्षिण कोरियात सोल महापालिकेने ते करून पाहिलं. जानेवारी २०२३ मध्ये 'मेटाव्हर्स सोल' सुरू झालं. कागदपत्रं, कराविषयी सल्ला, सगळं त्यात होतं. पण लोक फारसे फिरकलेच नाहीत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेही बंद झालं. जे काम साध्या वेबसाइटवर दोन मिनिटांत होतं, त्यासाठी अवतार सजवून कोण चालत जाईल?

हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. आपलं सुप्रीम कोर्ट घटनापीठाच्या सुनावण्या यूट्यूबवर दाखवतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तेच चॅनेल हॅक झालं आणि तिथे क्रिप्टोची जाहिरात दिसू लागली. थ्रीडी असो वा साधा व्हिडिओ, जागा दुसऱ्याची असली की हा धोका असतोच.

म्हणून अशी जागा डिझाइन करताना ग्राफिक्स नंतर, आधी हे चार प्रश्न:

- अवतारामागे खरंच तोच माणूस आहे, हे कसं तपासणार?
- एकाकडे महागडा हेडसेट आणि दुसऱ्याकडे दहा हजारांचा फोन असेल, तर दोघांना सारखंच दिसेल, ऐकू येईल का?
- साक्षीदाराचा चेहराच दिसत नसेल, तर तो खरं बोलतोय का हे कशावरून ठरवायचं?
- कंपनीने उद्या अ‍ॅप बंद केलं, तर रेकॉर्ड कोणाकडे राहणार?

गावातल्या चावडीवर कोणीही जाऊन बसू शकतं, कारण ती सगळ्यांची असते. उद्या तुमच्या फोनवर 'व्हर्च्युअल ग्रामसभा' आली, तर अवताराचे कपडे निवडण्याआधी एवढं नक्की विचारा: सर्व्हर कोणाचा?