समुद्राचा फोटो आणि पायाजवळचा खडक

सुट्टीत इंदूर-बडोद्याहून पाहुणे गोव्याला येतात आणि परत जाताना सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तोच फोटो असतो. वर आकाश, खाली पाणी, मध्ये एक रेघ. प्रत्यक्षात अंगावर येणारा समुद्र फोटोत बशीएवढा दिसतो. किनाऱ्यावर वारा असतो, लाटांचा आवाज असतो, त्यावरून अंतर कळतं. फोटोत ते काहीच नसतं, म्हणून डोळ्याला मोजायला जवळचं काहीतरी द्यावं लागतं.

वागातोरला ओहोटीच्या वेळी काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. अशा एका खळग्यापाशी उकिडवे बसा. ०.५ची वाइड लेन्स लावा आणि खडकाच्या दोन-तीन फूट जवळ जा. जवळची वस्तू मोठी होते, लांबची लहान होते आणि मधलं अंतर आपोआप जाणवतं. मोबाइलचा सेन्सर इवलासा असल्यामुळे खडक आणि क्षितिज दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. मोठ्या कॅमेऱ्यात त्यासाठी खटपट करावी लागते. पण फार खाली वाकू नका. खडकाचं टोक क्षितिजाला टेकलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात. मध्ये पाण्याची पट्टी दिसायला हवी. ग्रिड चालू ठेवा, तिरका समुद्र मला तरी बघवत नाही.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे ओहोटी संध्याकाळी येईल असा दिवस आधीच बघून ठेवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं, आणि तितकंच वरही चढतं.

खळग्यातला जिवंत तारामासा उचलून वाळूवर मांडणारे लोक मी पाहिलेत. ते मला अजिबात पटत नाही. रापण ओढणाऱ्यांचा फोटो हवा असेल तर आधी विचारा, ते कामावर असतात.

माझ्या मते पुढे ठेवायला सगळ्यात चांगला माणूसच, तोही रांगेत उभा केलेला नको. आजोबांना शेवटी शेवटी वाळूत उतरवत नव्हतं. मिरामारला ते कडेच्या बाकावर बसत. मी त्यांच्या मागून फोटो काढला: जवळ त्यांचा खांदा आणि काठी, पुढे वाळूत पोरं, पलीकडे आग्वादचा डोंगर. ते जाऊन दोन वर्षं झाली. हॉलमध्ये तोच लावलाय. आजी कुरकुरते, ‘चेहरा नाही तो कसला फोटो?’ पण भिंतीवरून काढू देत नाही.

पावसाळ्यात मात्र खडकांवर जाऊच नका. शेवाळावरून पाय सटकतो आणि लाट सांगून येत नाही. तेव्हा रस्त्यावरूनच, माडाचं खोड पुढे घेऊन काढा.